गळा वर, बाही खाली

मॅक्सी या प्रकाराची मला शिसारी आहे. हे बोलणारी बाई गेली पंचवीस वर्षं मॅक्स्या शिवून देते आहे, त्यामुळे माझं मत अगदीच ऐकीव नाही. कुणी म्हणेल, रोज तेच ते करून वीट आला असेल. तसं नाही. वीट मला ब्लाउजचा आला आहे. साडीला फॉल लावताना मला झोप येते. पण मॅक्सीचं कापड मशीनवर पसरलं की पोटात ढवळतं. वीट वेगळा आणि शिसारी वेगळी.

यंदाच्या पौषातही म्हशाची जत्रा भरली. आमचं सापगाव शहापूरला लागून आणि म्हसा पार मुरबाडच्या पलीकडे, पण जत्रेला कुणीच गेलं नाही असं घर आमच्या आळीत सापडायचं नाही. मी जात नाही. माझी सून पूजा मात्र मैत्रिणींबरोबर गेली, जीन्स घालून, वर लाल स्वेटर. संध्याकाळी परतली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. घोंगडी, बिडाचा तवा, बांगड्या, पोराला भिरभिरं आणि माझ्यासाठी एक पुडकं.

"आई, तुमाला आणलीय. उघडून बघा तरी."

उघडलं. मॅक्सी. चॉकलेटी रंगाची, त्यावर काळी पानं, गळ्याला काळी पट्टी, आणि पोटापाशी एक भलामोठा खिसा. असा खिसा कांगारूला असतो असं पुस्तकात वाचलं होतं.

"मळखाऊ रंग हाय," पूजा म्हणाली. "घाण झाली तरी दिसत नाय. आणि तुमच्या वयाला शोभंल अशीच बघून घेतली."

पूजा गुणाची पोर आहे. तिनं ढीग उपसला असेल, चार मैत्रिणींना विचारलं असेल, आणि मनापासून माझ्यासाठी ही कुरूप वस्तू निवडली असेल. मी "बरी आहे" म्हटलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन ती नाकाला लावली. जत्रेतल्या कापडाचा एक वास असतो. खळ, धूळ, तळणीचं तेल आणि शेकडो माणसांचे हात. त्या वासासरशी मला पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला आणि माझीच मला किळस आली. ती किळस अजून गेली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बाईचं वय तिच्या दाखल्यावर असतं, तोंडावर असतं, आणि माझ्या मापाच्या वह्यांत असतं. वह्या मी फेकत नाही. लग्न होऊन आलेल्या पोरीच्या नावापुढे पुढचा गळा सात इंच, मागचा गळा दहा, बाही चार असं लिहिलेलं असतं. मागे नाडी, नाडीला लोंबते गोंडे. पहिलं मूल झालं की ती म्हणते, "मागचा थोडा वर घे." मूल शाळेत जायला लागलं की गोंडे जातात. पस्तिशीला बाही कोपराकडे निघते. घरात सून आली की पुढचा गळा पाच, मागचाही पाच, आणि बाही कोपराच्या खाली. गळा वर चढतो, बाही खाली उतरते. हे कुठे लिहिलेलं नाही. कुणी दवंडी पिटत नाही. तरी एक बाई चुकत नाही. भाताला कधी लोंबी यायची ते जसं भाताला कळतं तसं यांना आपापला गळा कधी वर घ्यायचा ते कळतं.

रंगांचंही तेच. लाल, पिवळा, मोरपिशी हे रंग हळूहळू सुनेकडे, लेकीकडे सरकतात. बाईकडे उरतो तपकिरी, राखाडी आणि "मळखाऊ". या शब्दाची मला आता मॅक्सीइतकीच शिसारी आहे. वय झालं म्हणजे बाई काय मळते? आणि मळली तर धुवायची नाही का?

किळसवाण्या गोष्टी माझ्या धंद्यात कमी नाहीत. माप देताना बाया "मापाचा ब्लाउज" आणतात, जुना, अंगाला बसलेला. तो धुऊन आणावा असं शंभरातल्या दहा जणींना वाटतं. बाकीच्या अंगातून काढतात आणि पिशवीत कोंबून आणतात. काखेत मिठाची पांढरी नक्षी, आत पावडरीची ढेकळं, हुकाला अडकलेला केस. मी श्वास रोखून टेप लावते. पण घामाची घाण धुतली की जाते. मला जी घाण वाटते ती वेगळी आहे, आणि ती कुठल्या साबणानं जाईल हे मला ठाऊक नाही.

तो हिवाळा छान पडला होता. भात झोडून झालं होतं, खळ्यावर पेंढ्याची उडवी रचली होती, आणि शेतात वाल गुडघ्याएवढा होऊन फुलावर आला होता. सकाळी भातसा नदीवर धुकं असायचं, नऊ वाजले तरी पुलाचं दुसरं टोक दिसायचं नाही. वर्षातून एवढे दोनच महिने आमच्याकडच्या बायांचे हात मोकळे असतात. मोकळे म्हणजे काय, तर भिजवलेले वाल सोलतात, मिरच्यांचे देठ मोडतात, आणि हे सगळं माझ्या मशीनभोवती बसून करतात. आमच्याकडे भाताचा हंगाम संपला की कापडाचा सुरू होतो.

माझी मोठी जाऊ गुलाबताई शेजारच्याच घरात राहते. अंगण एकच. ती तेव्हा सेहेचाळीसची असेल. उंच, लांब पायांची, आणि चालायला तुफान. शेतावर निघालो की मी तिच्यामागे अक्षरशः पळायची. साडीचा काष्टा खोचून ती बांधावरून जायची तेव्हाही साडी तिच्या पायात यायची, आणि ती साडीला शिव्या द्यायची. "या लुगड्याला मेलीला माझ्याशी काय वैर हाय!" पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत फ्रॉक, दुसऱ्या दिवसापासून साडी. मधलं काही नाही. आमच्या वेळेपर्यंत निदान दोन-चार वर्षं पंजाबी ड्रेस मिळायचा. मुरबाडला कॉलेजात बारावीपर्यंत मी ड्रेसच घालून गेले. गुलाबताईच्या नशिबी ते मधलं पानच नव्हतं.

त्या मार्गशीर्षात तिच्या मुलाचं लग्न झालं. सून आली आणि आल्याबरोबर घरात ड्रेस घालू लागली. ते दोरीवर वाळत पडायचे. गुलाबताई दोरीपाशी थांबायची, सलवारीचा पाय हातात धरून ताणायची, सोडायची. एकदा तिनं ती सलवार स्वतःच्या कमरेला लावून पाहिली आणि माझी चाहूल लागताच पटकन झटकून परत टाकली. मला वाटलं, सुनेचे ड्रेस हिला खुपताहेत. मी तिची समजूतही घातली, "जाऊ दे गो ताई, आताच्या पोरी." 

लग्नात तिला अकरा साड्या आल्या होत्या. वरमाई ना! त्या साड्या तुम्हीही पाहिल्या असतील. प्लास्टिकच्या पिशवीतून काढल्या की पत्र्यासारख्या उभ्या राहतात. त्या नेसायच्या नसतातच, द्यायच्या असतात. हिच्याकडून तिला, तिच्याकडून नणंदेला, नणंदेकडून विहिणीला. घडी मोडायची नाही. एक हिरवी साडी आमच्याच घरातून बाहेर पडून तीन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आली होती, कोपऱ्यातला चहाचा डाग मी ओळखला. ब्लाउजपीसचीही तीच गत. अकरा साड्या आल्या आणि एकही गुलाबताईनं निवडली नव्हती. आमच्या बायांचं कपाट उघडून पाहा. गच्च भरलेलं असतं, आणि त्यातलं स्वतःच्या पसंतीचं शोधायला गेलं तर रुमाल निघेल.

मग पौषात जत्रा आली. आम्ही दोघी आळीतल्या टेम्पोतून गेलो, किन्हवलीवरून मुरबाड, पुढे म्हसा. बैलांच्या बाजारातून वाट काढत कपड्यांच्या बाजूला पोचलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत धुळीनं आणि शेणानं भरले होते. कापडाचे ढीग जमिनीवर ताडपत्रीवर टाकलेले. त्यात बाया कोपरापर्यंत हात घालून उपसत होत्या, एकमेकींच्या हातातलं ओढत होत्या. एका बाईनं जिलेबीचा हात तसाच कापडाला पुसला. मी बाजूला जाऊन उभी राहिले. गुलाबताई मात्र त्या ढिगात शिरली आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली तेव्हा तिच्या हातात एक पिवळं कापड होतं. झेंडूचा पिवळा, त्यावर निळी बारीक फुलं. ड्रेसचं पूर्ण कापड, कुर्त्याचं, सलवारीचं, वर ओढणी.

"सुनंला होईल गो छान," मी म्हटलं.

"हं," ती बोलली, आणि कापड छातीशी धरून टेम्पोत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनपाशी कुणी नाही असं बघून ती आली.

"सुनंदा, ये शिवशील?"

"सुनंला पाठव मापाला."

"सुनंचा नाय. माझा."

मी हसले. खरंच हसले, तोंडावर हात घेऊन. ती हसली नाही. ती उभीच होती.

"कुठं घालणार तू हा?"

"कुठं म्हंजे? सकाळची उठून पुलापर्यंत जाईन नि मागारी येईन. धुक्यात कोन बघतंय? पाय टाकून चालायचंय गो मला. लुगड्यात पाऊल पडतं ते एवढंच." तिनं दोन तळहातांत अंतर धरून दाखवलं. "एकदा नीट चालून बघायचंय."

मी टेप गळ्यात घातला आणि तिचं माप घेतलं. छाती, कंबर, उंची. पुढचा गळा किती ठेवू म्हणून विचारलं. "तू सुनंचा ठेवतीस तेवढाच ठेव," ती बोलली. मी वहीत लिहिलं, सात. ती माझ्या पेनाकडे बघत होती. तिला वाचता फार येत नाही, पण आकडे येतात.

कापड माझ्याकडे दहा-बारा दिवस पडून राहिलं. कामं होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. मशीनभोवती बाया बसत होत्या. एके दिवशी शहापूरच्या कुणाच्या तरी नणंदेचा विषय निघाला. पोरीचं लग्न झालं तरी ती म्हणे ड्रेस घालून बाजारात फिरते. "शिंगं मोडून वासरांत," एक म्हणाली आणि वाल सोलता सोलता सगळ्या हसल्या. "नवरा काय बोलत नाय का?" "शिवून देनारीला तरी लाज नको?" ते शेवटचं वाक्य ऐकून मी पेटीचं झाकण नीट लावलं. हसण्यात मीही होते. पेटीत ते पिवळं कापड होतं आणि मी हसत होते.

याच बाया आषाढात लावणीला उतरतात तेव्हा साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात. डोक्याला टॉवेल, कमरेला दोरी. गुडघाभर चिखलात पुरुषाचा शर्ट घालून दिवसभर वाकलेली बाई कुणाला खटकत नाही. तिथे वय निघत नाही, लाज निघत नाही. राबायचं असलं की बाईनं काहीही घालावं. नुसतं चालायला म्हणून काही घालायचं म्हटलं की मात्र सगळ्या गावाला डोळे फुटतात. हे मला आज सुचतं. त्या दिवशी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मी काय केलं ते सांगते. मी त्या कापडाची मॅक्सी शिवली.

कुर्त्याच्या कापडाखाली सलवारीचं कापड जोडलं. ओढणीची झालर केली. बाही कोपराखाली. वहीतला सात खोडला आणि शेजारी पाच लिहिला. कुणाला हे खोटं वाटेल, की ड्रेस शिवायला दिलेल्या कापडाची शिवणारीण मॅक्सी कशी करेल? आमच्याकडे करतात. "तुझ्या भल्यासाठी केलं" म्हणून करतात आणि समोरची बाई ते घेऊनही जाते. शिवताना मला लाज वाटत नव्हती. उलट मी तिला हसण्यापासून वाचवते आहे असं वाटून मला जरा भरूनच आलं होतं. या भरून येण्याची आज सगळ्यात जास्त किळस येते. खरं तर मी माझं गिऱ्हाईक वाचवत होते.

गुलाबताई आली. मी घडी तिच्या हातात दिली. तिनं उलगडली, खांद्यांना धरून समोर धरली. सलवार कुठे आहे म्हणून तिनं खाली मशीनपाशी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये काय?"

"ड्रेसला कापड कमी पडलं, मॅक्सी शिवली गो. घरात घालायला बरी. ड्रेस म्हंजे... सून आलीय आता घरात. वयाला शोभायला पायजे ना."

तिनं झालर चिमटीत धरून पाहिली. मग मॅक्सी अंगाला लावून तिनं खाली पायांकडे पाहिलं.

"पिवळी तरी हाय," ती बोलली. मॅक्सीची चौघडी करून, काखेत मारून ती गेली. भांडली नाही. ती भांडली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर आज मी सुटले असते.

तिनं ती घातली. घरात, अंगणात, आणि वर खांद्यावरून छातीवर टॉवेल. हा टॉवेल आमच्या भागातली एक अजब चीज आहे. अंग झाकायला मॅक्सी, आणि मॅक्सी झाकायला टॉवेल. तंबूवर छप्पर. त्याच टॉवेलाला हात पुसायचे, तोंड पुसायचं, पोराचं नाक पुसायचं आणि कुणी पुरुष माणूस आला की तोच छातीवर ओढायचा. घरोघर हा ओला, आंबूस टॉवेल बायकांच्या खांद्यावर बसलेला असतो. गुलाबताईचं पिवळं त्या टॉवेलाखाली विटत गेलं. आधी झेंडूचं लिंबाचं झालं, मग जखमेवरच्या पुवासारखं फिकट. निळी फुलं पुसट झाली. सकाळी मी दार उघडलं की ती समोर अंगण झाडताना दिसायची आणि मी पाणी ओतायच्या निमित्तानं आत वळायची. पुलापर्यंत ती कधी गेली नाही. मी तिला विचारलंही नाही.

आता गावाची चाल बदलली आहे. आता साठीच्या बायाही ड्रेस घालतात. पण त्याची गंमत अशी, की आधी शुगर व्हावी लागते. डॉक्टर सांगतो, "रोज चाला." मग नवरा स्वतः शहापूरला जाऊन बूट आणतो, लेक सलवार आणते, आणि बाई सकाळी पुलापर्यंत चालायला जाते. कुणी हसत नाही, कारण ते औषध आहे. आजारी पडल्याशिवाय बाईला पाय मोकळे टाकायची परवानगी नाही, आणि मिळालेल्या परवानगीचं सगळ्यांना कौतुक! गुलाबताईला शुगर झाली नाही. तिचे गुडघे गेले.

आणि तो पिवळा रंग. हल्ली हळदीला "थीम" असते. पौष सरला की माघात खर्डीला आमच्या नात्यात लग्न आहे. नवरीकडून निरोप आला, हळदीला सगळ्या बायांनी पिवळ्याच साड्या नेसायच्या, म्हाताऱ्यांनीसुद्धा, फोटो चांगले येतात. तीस पिवळे ब्लाउज एकट्या माझ्याकडे शिवायला पडले आहेत. नव्वदीला टेकलेल्या एका आजीलाही पिवळी साडी वाटलेली आहे. तेव्हा पिवळ्याला बंदी होती, आता पिवळ्याची सक्ती आहे. बाईला विचारायचं तेव्हाही नव्हतं, आताही नाही. ते तीस ब्लाउज बघून लोकांना आनंद होतो, फॅशन गावात आली म्हणून. मला तो ढीग जत्रेतल्या ढिगासारखाच दिसतो.

चॉकलेटी मॅक्सी चार दिवस कपाटात राहिली. पाचव्या दिवशी मी पूजाला सांगून टाकलं, "पूजा, मला ही मॅक्सी नको. हा रंग मला घाण वाटतो."

ती बिचारी गोंधळली. रागावली नाही. "मग आई, तुमाला कुठला आवडतो? बोला, तसली आणते."

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. दुसऱ्यांच्या अंगावर कुठला रंग खुलेल ते मी पदराचं टोक पाहून सांगते. स्वतःला कुठला आवडतो हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. गुलाबताईनं मात्र ढिगात हात घालून तो शोधून काढला होता. जत्रेच्या त्या घाणीत उभं राहून. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाहून पाच वर्षांनी मोठी आहे आणि मला तेवढंही जमत नाही.

परवा हळदीच्या ब्लाउजचं माप घ्यायला मी तिच्याकडे गेले. पूर्वी ती यायची, आता उंबरा ओलांडायला तिला भिंत लागते. दारात पाय पुसताना टेप गळ्यातून घसरला. उचलायला वाकले तर पायपुसण्यात एक निळं फूल दिसलं. जुनेराच्या चिंध्यांची वेणी घालून तिच्या सुनेनं ते पायपुसणं वळलं होतं, आणि तीन पदरांतला एक पदर त्या पिवळ्या मॅक्सीचाच होता. एका टोकाला माझ्या मशीनची झालरीची शिलाई अजून शाबूत होती. मी शिलाई पक्की घालते अशी माझी ख्याती आहे. किती महिने मी त्यावर पाय पुसत होते कोण जाणे! खाली बघून कोण पाय पुसतं?

 मी तशीच आत जाऊन तिच्या खुर्चीसमोर बसले.

"ताई, त्या वर्षी मी तुझा ड्रेस शिवला नाय."

"हं."

"कापड कमी नव्हतं पडलं. मी मुद्दाम केलं."

"म्हाईत हाय," ती वाल सोलत होती, सोलतच राहिली. "तुझं कापड कधी चुकलंय? तू हसलीस ना, तवाच मला कळलं व्हतं. तरी म्हटलं, शिवंल."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. नुसतं तोंड कडू झालं.

"आता शिवते. उद्याच शहापूरला जाऊन कापड आणते. पिवळंच आणते."

यावर ती हसली, आणि वालाच्या टरफलांनी भरलेल्या हातानं गुडघ्यावर थाप मारली. "आता? आता ये कुठं चालतायत? पुलापर्यंत जायचं व्हतं तवा. आता न्हाणीपर्यंत जाते ती पन भिंत धरून."

 दारातून दिसणाऱ्या रस्त्यावरून दोघी-तिघी शुगरवाल्या बाया बूट वाजवत पुलाकडे गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"शिव," ती बोलली. "चालायचं गेलं. बसून घालीन."

"पिवळाच ना?"

"पिवळा नको गो. हळदीत सगळ्या पिवळ्याच दिसतील, दिवाळीच्या झेंडूवानी. त्यावर ती निळी फुलं व्हती बघ. त्या फुलांचा निळा आन."

मी वही उघडली. तिला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी खाली गुडघ्यांवर बसले आणि खुर्चीत बसल्या जागीच तिचं माप घेतलं. छाती, कंबर, बाही. बाही तिनं कोपराच्या वर धरून दाखवली. पुढच्या गळ्याला मी टेप लावला तेव्हा तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"तू सात लिवला व्हतास तवा," ती बोलली. "तेवढाच."

मी सात लिहिला. मग टेप कमरेपासून घोट्यापर्यंत सोडला, सुजलेल्या गुडघ्यावरून, आणि सलवारीचा घेर किती ठेवू म्हणून विचारलं.

"मोकळी ठेव," गुलाबताई म्हणाली. "पाऊल टाकता आलं पायजे."

मी वहीत तसंच लिहिलं. या वेळी खाडाखोड केली नाही.